प्लाशूव ही सक्तमजुरीची छावणी होती की छळछावणी?

पानगळ यांचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाविषयी मराठीत वाचताना माझी एक अडचण नेहमी होते. नाझींच्या ताब्यातील प्रत्येक कुंपणबंद जागेला आपण सरसकट 'छळछावणी' म्हणतो. बेल्झेत्सला माणसे गाडीतून उतरल्यावर काही तासांतच मारली जात. इतरत्र ज्यूंकडून महिनोन्महिने गणवेश शिवून घेतले जात, दगड फोडून घेतले जात. या दोन्हींना एकच शब्द वापरला की त्या जागा नेमक्या कशासाठी होत्या आणि कोणाच्या हुकमतीखाली चालत होत्या, हे समजेनासे होते.

सध्या मी पोलंडमधील क्राकूव शहराच्या कडेला असलेल्या प्लाशूव छावणीविषयी वाचत आहे. एका लेखात तिला 'ज्यूंची सक्तमजुरी छावणी' म्हटले आहे आणि दुसऱ्यात 'छळछावणी', तेही जणू दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असावा अशा थाटात. मृतांचा आकडा कुठे आठ हजार दिला आहे, तर कुठे त्याच्या कितीतरी पट. नावातला हा फरक केवळ कागदोपत्री होता, की कैद्यांच्या जगण्यामरण्यात त्याने खरोखर काही फरक पडला? तिथे होणारे काम खरोखर कामाचे होते, की काम हेही मारण्याचेच एक साधन होते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दस्तऐवज यांचे उत्तर

प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

पोलंडचा पाडाव झाल्यावर त्याचा जो भाग जर्मनीला थेट जोडला गेला नाही, तिथे हान्स फ्रांकच्या हाताखाली 'जनरल गव्हर्नमेंट' नावाची वसाहतवजा राजवट आली आणि क्राकूव ही तिची राजधानी झाली. या राजवटीने 26 ऑक्टोबर 1939 रोजी, म्हणजे अगदी पहिल्याच दिवशी, ज्यूंवर सक्तीची मजुरी लादणारा हुकूम काढला. वेठ हा शब्द इथे तंतोतंत लागू पडतो, कारण सुरुवातीच्या काळात रस्त्यात दिसेल त्या ज्यूला धरून बर्फ उपसायला किंवा सामान वाहायला लावले जाई. मार्च 1941 मध्ये क्राकूवच्या पोदगुझे भागात घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्याची बंदिस्त वस्ती, उभा राहिला. त्याआधीच शहरातील बहुसंख्य ज्यूंना हाकलून देण्यात आले होते. जून 1942 मध्ये सुमारे 7,000 आणि 28 ऑक्टोबर 1942 रोजी सुमारे 6,000 माणसे या घेटोतून बेल्झेत्सला नेण्यात आली.

प्लाशूवचा जन्म या दोन तारखांच्या मधला आहे. 19 जुलै 1942 रोजी नाझींच्या सशस्त्र संघटनेचा, म्हणजे एसएसचा, प्रमुख हिमलर याने हुकूम दिला की वर्षअखेरपर्यंत जनरल गव्हर्नमेंटमध्ये एकही ज्यू राहता कामा नये. अपवाद होता तो वॉर्सा, क्राकूव, चेन्स्तोहोवा, रादोम आणि लुब्लिन येथील 'संकलन छावण्यां'मध्ये ठेवलेल्या मजुरांचा. म्हणजे मजुरीची छावणी हा संहाराला पर्याय नव्हता. संहार सुरू असताना त्यातून काही काळापुरती वगळलेली माणसे ठेवण्याची ती जागा होती. प्लाशूवची गणना पुढे भयंकर छावण्यांमध्ये झाली, तरी तिच्या नावात 'मजुरी' हा शब्द होता तो याच हिशेबाने.

1942 च्या शरद ऋतूत घेटोतील मजुरांच्या तुकड्या रोज पायी नेऊन त्यांच्याकडून बराकी बांधून घेण्यास सुरुवात झाली. फेब्रुवारी 1943 मध्ये व्हिएन्नाचा आमोन ग्योट तिथे कमांडंट म्हणून आला. त्यानंतर महिनाभरात, 13 आणि 14 मार्चला, घेटो रिकामा करण्यात आला. कामाला योग्य ठरवलेले सुमारे 8,000 लोक प्लाशूवला नेले गेले, सुमारे 2,000 लोक घेटोच्या रस्त्यांवर, घरांत आणि रुग्णालयात मारले गेले आणि उरलेल्यांची रवानगी आउशवित्सला झाली. मारलेल्यांचे मृतदेह गाड्यांत घालून प्लाशूवलाच आणले गेले आणि सामुदायिक खड्ड्यांत पुरले गेले. छावणीत नव्याने आलेल्या कैद्यांना आपल्याच नातेवाइकांचे खड्डे पाहत दिवस काढावे लागले.

आता नावातील फरकाकडे येतो. या काळात छावणीचे अधिकृत नाव 'क्राकूव जिल्ह्याच्या एसएस व पोलीस प्रमुखाची सक्तमजुरी छावणी' असे होते. हा मालकीहक्काचा उल्लेख दुर्लक्षून चालणार नाही. दाखाउ, बुखेनवाल्ड किंवा आउशवित्स या छळछावण्या बर्लिनजवळच्या ओरानियनबुर्ग येथील कचेरीच्या अखत्यारीत येत. प्लाशूव मात्र स्थानिक प्रमुख यूलियान शेर्नर याच्या अखत्यारीत होती. कारखानदार कैद्यांच्या श्रमाचे पैसे कैद्यांना देत नसत, ते एसएसला देत. पुरुषामागे दिवसाला 5 झ्लॉटी (पोलंडचे चलन) आणि स्त्रीमागे 4 झ्लॉटी असा दर होता. कैद्याच्या हाती पडे तो पावाचा तुकडा आणि पातळ सूप.

छावणीत शिवणकाम, चामडे, ब्रश, काचकाम, छपाई, घड्याळदुरुस्ती, गाद्या भरणे अशा अनेक शाखा होत्या. यूलियुस माद्रिच या ऑस्ट्रियन कारखानदाराचा शिवणकारखाना 1943 च्या सप्टेंबरात छावणीच्या आत आला आणि तिथे सुमारे 2,000 जण काम करीत. हा माणूस आणि त्याचा व्यवस्थापक रायमुंड टिच आपल्या कामगारांसाठी बाहेरून पाव आणवत असत. पुढे दोघांनाही इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने 'राष्ट्रांतील नीतिमान' म्हणून गौरवले. छावणीची जी छायाचित्रे आज आपण पाहतो, त्यांतील बरीच टिचने काढलेली आहेत. युद्धानंतरही जुन्या नाझींच्या भीतीने त्याने ती फिल्म कित्येक वर्षे न धुता लपवून ठेवली होती. दगडांनी भरलेल्या वाघिणी ओढणाऱ्या स्त्रियांच्या रांगांचे त्याचे छायाचित्र ज्याने पाहिले आहे, त्याला 'मजुरी' या शब्दाचा तिथला अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. इंजिन किंवा घोडे नव्हते म्हणून त्या स्त्रियांना जुंपले होते असे नाही. छावणीत तो शिक्षेचा प्रकार होता.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. शिवणयंत्रावरचे काम जर्मन सैन्याला खरोखर हवे होते आणि दगडखाणीतले काम बहुतांशी माणूस मोडण्यासाठी होते. एकाच कैद्याची सकाळी एका कामावरून दुसऱ्यावर बदली होऊ शकत असे, तीही कोणाच्या तरी क्षणिक मर्जीने.

उत्खनन यांचे उत्तर

दस्तऐवज यांनी कारभार नीट उलगडला आहे. मी जागेविषयी लिहितो, कारण ही छावणी ज्या जमिनीवर उभी होती ती जमीनच तिच्या इतिहासाचा भाग आहे.

प्लाशूव छावणी दोन ज्यू दफनभूमींवर बांधली गेली. एक पोदगुझेची जुनी, येरोझोलिम्स्का रस्त्यावरची, आणि तिला लागून क्राकूव ज्यू समाजाची नवी. बराकींसाठी जमीन सपाट करताना समाधिशिला उपटल्या गेल्या आणि त्या छावणीच्या रस्त्यांवर फरशीसारख्या बसवल्या गेल्या. आपल्या आजोबांच्या नावावर पाय देऊन कामावर जाणे, हे तिथल्या कैद्यांच्या बाबतीत अलंकारिक वर्णन नव्हे. नव्या दफनभूमीत अंत्यविधीची एक भव्य घुमटाकार इमारत होती. छावणीच्या काळात तिचा तबेला केला गेला आणि पुढे तिचा काही भाग सुरुंग लावून उडवला गेला. ज्यू मुलींसाठी धार्मिक शाळांची चळवळ सुरू करणाऱ्या सारा शेनिरर यांचे 1935 मध्ये निधन झाले होते आणि त्यांचे दफन याच जुन्या भूमीत झाले होते. आज तिथे त्यांच्या नावाची नवी प्रतीकात्मक शिला आहे. मूळ शिलांपैकी धड उभी राहिलेली जवळजवळ एकच.

वाढत वाढत छावणी सुमारे 80 हेक्टरवर पसरली. येरोझोलिम्स्का रस्त्यावर दफनभूमीच्या मालकीची एक वास्तू होती, तिला कैदी 'राखाडी घर' म्हणत. त्याच्या तळघरात कोठड्या होत्या आणि उभ्यानेच राहता येईल इतक्या अरुंद जागेत माणसांना कोंडले जाई. हे घर आजही उभे आहे. ग्योट राहत असे तो बंगलाही उभा आहे.

या बंगल्याविषयी एक दुरुस्ती करणे मला आवश्यक वाटते, कारण 1993 च्या 'शिंडलर्स लिस्ट' या प्रसिद्ध चित्रपटामुळे एक चित्र सर्वांच्या मनात पक्के बसले आहे. त्यात कमांडंट सकाळी आपल्या सज्जातून खालच्या छावणीतील कैद्यांवर गोळ्या झाडतो. प्रत्यक्षातला सज्जा टेकडीच्या बाजूला आहे आणि तिथून छावणी दिसत नाही. याचा अर्थ गोळ्या झाडल्या गेल्या नाहीत असा कोणी कृपया घेऊ नये. ग्योटने स्वतःच्या हाताने, चालता चालता, कारण देऊन किंवा न देता माणसे मारल्याच्या साक्षी अनेकांनी न्यायालयात शपथेवर दिल्या आहेत. चूक आहे ती केवळ दृश्याच्या जागेत. तसेच, चित्रीकरणासाठी छावणीचा देखावा शेजारच्या लिबान दगडखाणीत उभारला होता आणि त्याचे खांब व तारा अजून तिथे पडलेल्या आहेत. अनेक जण त्यांनाच खऱ्या छावणीचे अवशेष समजून परततात. लिबान खाणीत पोलिश तरुणांची वेगळी शिक्षाछावणी होती. त्यामुळे ती जागाही निर्दोष नाही, पण ती प्लाशूव नव्हे.

'मजुरी' या शब्दाच्या खोटेपणाचे एक उदाहरण देतो. डायना रायटर या क्राकूवच्या पहिल्या स्त्री वास्तुविशारदांपैकी एक. छावणीत त्यांना बराकींच्या बांधकामावर नेमले होते. एका बांधकामातील दोषावरून ग्योटशी प्रसंग उद्भवला आणि 1943 मध्ये त्याच्या हुकमाने त्यांना गोळी घालण्यात आली. बांधकाम सुरू असलेल्या छावणीत वास्तुविशारदाहून अधिक उपयोगी मजूर कोणता असणार? तरीही एका वाक्यात निकाल लागला, कारण त्या काळात तिथे कमांडंटच्या वर विचारणारे कोणी नव्हते.

पानगळ

दोघांचेही मनापासून आभार. समाधिशिलांचा भाग वाचून बराच वेळ पुढे काही वाचवले नाही.

एक गोष्ट मात्र अजून उलगडत नाही. ज्यांच्या श्रमाची सैन्याला गरज होती आणि ज्यांच्यामागे एसएसला रोजचे पैसे मिळत होते, त्यांना मारून टाकण्यात त्यांच्याच दृष्टीने तोटा होता. मग इतर मजुरी छावण्यांचे काय झाले? आणि प्लाशूव 'छळछावणी' झाली ती केव्हा आणि का?

दस्तऐवज यांचे उत्तर

हा तोटा त्यांना दिसत होता आणि तरीही त्यांनी तो पत्करला. यासाठी लुब्लिन जिल्ह्यात 1943 च्या नोव्हेंबरात काय घडले ते पाहावे लागेल.

त्राव्निकी आणि पोनियातोवा या ज्यूंच्या मोठ्या मजुरी छावण्या होत्या. वॉर्साच्या घेटोतून हलवलेले कारखाने तिथे चालत आणि सैन्याचे गणवेश शिवले जात. वॉर्साच्या घेटोत एप्रिलमध्ये, त्रेब्लिंका या संहारछावणीत ऑगस्टमध्ये आणि सोबिबोर या संहारछावणीत 14 ऑक्टोबरला कैद्यांनी उठाव केले. तेव्हा हिमलरला उरलेले ज्यू मजूर हा धोका वाटू लागला. 3 आणि 4 नोव्हेंबर 1943 या दोन दिवसांत त्राव्निकी, पोनियातोवा आणि लुब्लिनजवळची मायदानेक छळछावणी येथे मिळून सुमारे 42,000 ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. विमानहल्ल्यापासून बचावाचे चर म्हणून त्यांच्याचकडून आधी खंदक खणून घेतले होते. या कारवाईला 'सुगीचा सण' असे सांकेतिक नाव दिले होते. आदल्या दिवसापर्यंत यंत्रे चालू होती आणि मागण्या पुऱ्या व्हायच्या होत्या. शिवणकामाच्या कौशल्याने एकालाही वाचवले नाही.

दुसरीकडे, स्कारझिस्को-कामिएन्ना येथील दारूगोळ्याच्या कारखान्याला जोडलेली ज्यू मजुरी छावणी त्या नोव्हेंबरातून वाचली. ती एसएसऐवजी लाइपझिगच्या हासाग या खासगी कंपनीच्या हातात होती आणि तिचा माल थेट आघाडीवर जात होता. वाचली म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. तिच्या 'क' विभागात सुरुंगांत पिक्रिक आम्ल भरले जाई. त्या पुडीने कैद्यांची कातडी, केस आणि नखे पिवळी होत. कपडे झिजून गेल्यावर लोक कागदी पोती गुंडाळून फिरत. त्या विभागात पाठवलेल्या माणसाचे दिवस भरले असेच इतर विभागांतले कैदी समजत. इथे बंदुकीची गोळी वाया घालवण्याची गरजच पडत नव्हती.

या पार्श्वभूमीवर प्लाशूवचे रूपांतर पाहा. 1943 च्या अखेरीस प्रश्न असा होता की ही छावणी बंद करायची, म्हणजे लुब्लिनसारखी संपवायची, की ओरानियनबुर्गच्या अखत्यारीत घ्यायची. 10 जानेवारी 1944 पासून ती अधिकृतपणे छळछावणी झाली. या निर्णयामागील एक हकिगत मिएटेक पेम्पर यांनी सांगितली आहे. ते कैदी होते आणि ग्योटचे लघुलेखक. कमांडंटची गुप्त पत्रे त्यांच्या नजरेखालून जात. छावणी टिकायची तर ती युद्धोपयोगी उत्पादन करते असे दिसले पाहिजे, हे ओळखून त्यांनी यंत्रांच्या उत्पादनक्षमतेचे तक्ते फुगवून तयार केले, असे त्यांचे कथन आहे. त्या तक्त्यांनी निर्णय किती हलला हे मोजता येणार नाही. पण पत्रा कापण्याच्या यंत्रावर रणगाड्याचे सुटे भाग होऊ शकतात असे कागदावर मांडण्यासाठी रात्री जागणारा तो तेवीस वर्षांचा कैदी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता आपला मूळ प्रश्न. ऐकायला विचित्र वाटेल, पण प्लाशूव 'मजुरी छावणी'ची 'छळछावणी' झाल्यावर मनमानी हत्या कमी झाल्या. ओरानियनबुर्गच्या नियमांनुसार फटक्यांची शिक्षा किंवा मृत्युदंड द्यायचा तर वरून मंजुरी लागे, मृत्यूची नोंद करावी लागे, कैद्याचा क्रमांक हिशेबात दाखवावा लागे. ग्योटला त्याचे ओझे वाटे आणि त्याच्या हाताला थोडा लगाम बसला. ही दया नव्हती. माणूस आता स्थानिक प्रमुखाची मालमत्ता राहिला नव्हता, तो केंद्राच्या जमाखर्चातली बाब झाला होता, एवढाच त्याचा अर्थ. आणि जमाखर्चातूनही माणसे वजा होतातच. हंगेरीतून येणाऱ्या ज्यूंसाठी जागा करायची म्हणून मे 1944 मध्ये हजेरीच्या मैदानावर सर्वांची वैद्यकीय तपासणी झाली. कैद्यांना नग्न होऊन डॉक्टरांसमोरून धावावे लागले आणि स्त्रियांनी निरोगी दिसावे म्हणून गालांना बीटाचा रस चोळला. 14 मे रोजी सुमारे 1,400 जणांना आउशवित्सला पाठवण्यात आले. त्यांत आजारी आणि वृद्ध होते आणि दोनशेहून अधिक मुले होती. मुलांना ट्रकमध्ये चढवले जात असताना ध्वनिक्षेपकांवरून गाणी लावली होती. काही मुलांनी शौचकूपात उतरून जीव वाचवला.

माझे मत असे की मराठीत या दोन प्रकारांसाठी दोन शब्द वापरायला हवेत, पण 'श्रमछावणी' हा शब्द मी टाळतो. श्रम या शब्दाला आपल्याकडे एक प्रतिष्ठा आहे. 'वेठछावणी' किंवा 'सक्तमजुरीची छावणी' अधिक प्रामाणिक वाटते.

मध्यरात्र यांचे उत्तर

आकड्यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून ते मी पूर्ण करते.

1944 च्या उन्हाळ्यात छावणी सर्वाधिक भरलेली होती. तेव्हा हंगेरीहून आलेल्यांसह तिथे 20,000 हून अधिक कैदी होते. त्यांत जुलै 1943 पासून आणलेले पोलिश कैदीही होते. ऑगस्टमध्ये रशियन फौजा जवळ आल्या तशी माणसे मौटहाउझेन, आउशवित्स आणि श्टुटहोफकडे हलवली जाऊ लागली. आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या ओस्कर शिंडलर या कारखानदाराचा लिपोवा रस्त्यावरचा भांड्यांचा कारखाना ही प्लाशूवचीच उपछावणी होती. ती याच सुमारास बंद झाली आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे 1,000 ते 1,200 जण चेक प्रदेशातील ब्रुनलित्स येथील शिंडलरच्या नव्या कारखान्यात गेले. 13 सप्टेंबर 1944 रोजी ग्योटला खुद्द एसएसनेच अटक केली. हत्यांसाठी नव्हे, तर लुटलेला ज्यू ऐवज सरकारजमा न करता स्वतः लाटल्याबद्दल आणि कैद्यांचे अन्न काळ्या बाजारात विकल्याबद्दल.

युद्धानंतर क्राकूवमध्ये पोलंडच्या सर्वोच्च राष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे 27 ऑगस्ट ते 5 सप्टेंबर 1946 या काळात त्याच्यावर खटला चालला. पेम्पर हे प्रमुख साक्षीदारांपैकी एक होते. छावणीतील सुमारे 8,000 आणि घेटो रिकामा करतानाच्या सुमारे 2,000 मृत्यूंची जबाबदारी आरोपपत्रात त्याच्यावर ठेवली होती. 13 सप्टेंबर 1946 रोजी त्याला फाशी देण्यात आली. तुम्ही वाचलेला आठ हजारांचा आकडा या खटल्यातून आला आहे. अलीकडे तिथे उभ्या राहिलेल्या स्मारक-संग्रहालयाचा अंदाज त्याहून कमी आहे. छावणीतून एकूण 30,000 हून अधिक माणसे गेली आणि त्यांपैकी सुमारे 5,000 ते 6,000 तिथेच मारली गेली, असा तो आहे. कमी आकडा म्हणजे गुन्हा लहान झाला असे मानण्याचे कारण नाही. प्लाशूवमधून आउशवित्सला पाठवलेली मुले या आकड्यात मोजलेली नाहीत.

आकड्यांत एवढी तफावत का, याचे उत्तर छावणीच्या शेवटच्या महिन्यांत आहे. गोळ्या घालण्याची मुख्य जागा एका जुन्या ऑस्ट्रियन लष्करी तटबंदीचा षटकोनी खंदक ही होती. शहरातल्या मोंतेलुपी तुरुंगातील पोलिश कैद्यांनाही ट्रकने तिथे आणून मारले जाई. 1944 च्या शरद ऋतूत सामुदायिक खड्डे उकरले गेले, प्रेते लाकडांच्या थरांवर रचून जाळली गेली आणि राख आसपास पसरवली गेली. हे काम कैद्यांकडूनच करून घेतले गेले. बराकी मोडून त्यांचे लाकूड नेले. शेवटचे सुमारे 600 कैदी जानेवारी 1945 च्या मध्यावर पायी आउशवित्सकडे हाकलले गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच रशियन सैन्य क्राकूवला पोहोचले. आउशवित्समध्ये जशी कोठारे आणि कागद सापडले तसे इथे त्यांना सापडले नाहीत. सापडली ती मोकळी टेकडी.

तिथे 1964 मध्ये विटोल्ड चेन्त्स्केविच यांनी आखलेले मोठे दगडी स्मारक उभे राहिले. छातीच्या जागी आडवी भेग असलेल्या पाच झुकलेल्या माणसांचे ते शिल्प आहे. हिटलरी नरसंहारकांनी 1943 ते 1945 या काळात मारलेल्या हुतात्म्यांना आदरांजली, असा त्यावरचा मजकूर आहे. त्यात ज्यू हा शब्द नाही. त्याच्या जवळच एक लहानसा दगड आहे, तो ज्यू समाजाने बसवलेला. पोलंड आणि हंगेरीतून आणून इथे मारलेल्या ज्यूंचा उल्लेख त्या लहान दगडावर आहे.